रुमालाखालचा भाव

भाचीच्या इंग्रजी निबंधात बाईंनी ‘बझार’ हा शब्द लाल शाईने खोडला आणि वर ‘मार्केट’ लिहिलं. दिवाळीत ती आमच्याबरोबर सांगोल्याला आली होती, रविवारी जनावरांचा बाजार बघितला होता, त्यावरच निबंध होता. समासात बाईंचा शेराही होता: बझार म्हणजे एखाद्या चांगल्या कामासाठी निधी जमवायला भरवतात ती विक्री. भाचीने वही माझ्यापुढे टाकली. “आत्या, आता तूच सांग.”

बाईंचं अगदीच चुकलं होतं असं नाही. इंग्रजांनी हा मुळातला फारसी शब्द उचलला आणि चर्चच्या आवारातल्या केक-लोकरीच्या विक्रीलाही लावून टाकला. पण तो त्यांचा नंतरचा उद्योग. तुर्कांकडे तर ‘पझार’ म्हणजे बाजारही आणि रविवारही. सांगोलेकराला हे कुणी सांगितलं तर तो म्हणेल, मग त्यात काय सांगितलंस?

मला मात्र त्या लाल रेघेचा राग आला, आणि त्याचं कारण आबा.

आबा म्हणजे माझे आजोबा. वडील नोकरीला बाहेरगावी, भाऊ अजून लहान, म्हणून बाजाराला आबांच्या मागे मी. जनावरांच्या बाजारात पोरीबाळी कुणी नेत नसे. “पोरीला कशाला आणलीसा?” कुणीतरी विचारायचंच. “असू द्या की. काय बैलं खाती व्हय ती?” आबा म्हणायचे आणि मला गाडीच्या जुवावर बसवायचे. तिथून सगळं दिसायचं. खिलार बैलांची शिंगंच शिंगं, साळून, तेल लावून चकचकीत केलेली. अंगावर फेकलेला गुलाल, गळ्यात गोंडे, खाली शेण, कडबा, आणि कडेला भज्यांचा घाणा. ऊन वर चढेपर्यंत बरं वाटायचं, मग जनावरंही पाय बदलायला लागायची.

गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा दात. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, बैलाचा खालचा ओठ अंगठ्याने ओढायचा आणि क्षणभरच बघायचा. बैलाला पुढचे दात खालीच असतात, आठ. अदात, दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. जुळल्यानंतरचं वय मालक सांगेल ते. म्हणून जुळलेल्या बैलाच्या मालकाकडे सगळे जरा संशयाने बघतात. मग अंगावरचे केसांचे भोवरे. कुठला भोवरा कुठे असला की घर बुडतं यावर आबांचा विश्वास नव्हता, पण विकत घेताना ते भोवरा दाखवून पैसे कमी करून घेत. मग चालवून दाखवायचं. आणि मग टॉवेल.

आमचा हौश्या विकायचा होता त्या दिवसाचं मला सगळं आठवतं, एक गोष्ट सोडून. हेडीने खांद्यावरचा टॉवेल काढला, आबांच्या मनगटावर टाकला. दोघांचे उजवे हात आत गेले. तोंडं मात्र दोन दिशांना. आबा लांबच्या बाभळीकडे बघत होते, हेडी माझ्याकडे. टॉवेल आतून हलत होता. “हे शेकडा,” हेडी म्हणाला, “आन् ही वर.” आबांनी मान हलवली, नाही. पुन्हा टॉवेल हलला. आबांच्या कपाळावरची शीर तेवढी दिसत होती. भोवतीने दहा-बारा माणसं उभी, सगळ्यांना कळत होतं की सौदा चाललाय, आणि भाव एकालाही कळत नव्हता. मग आबांनी हात बाहेर काढला, विसाराचे पैसे न मोजता बंडीच्या खिशात घातले आणि हौश्याच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं. दावं आपलं आपल्याकडे ठेवायचं असतं. हेडीने स्वतःचं दावं बांधलं.

परत येताना मी विचारलं, किती आले? आबांनी गाडी हाकता हाकता माझी बोटं धरून दाखवली. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार हे जनावर बघून दोघांनाही ठाऊक असतं, ते बोटांत सांगावं लागत नाही. “मग हौश्याचे किती?” “तुझ्या आजीला सांगीन.” आजीला त्यांनी जो आकडा सांगितला तो माझ्या आत्यांना नंतर कधीच पटला नाही. आत्या गेल्या, आजी गेली, हिशेबाच्या वहीत त्या रविवारचं पान कोरं आहे.

इथे इतिहास मध्ये येतो, आणि तो आबांच्या बाजूचा नाही. रुमालाखालचा सौदा ही शेतकऱ्याला नाडायची जुनी युक्ती, असं सरकारी कागद सांगतात. वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ सालीच कायदा झाला. १९२८ साली शेतीवरच्या शाही आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. आपल्याकडे १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा आला, उघड लिलाव आला. हे योग्यच झालं. धान्याच्या अडतीत टॉवेलाखाली हात असायचे दलालाचे आणि व्यापाऱ्याचे. ज्याचा माल तो बाहेर उभा. व्यापाऱ्यांची तर बोलीही वेगळी असायची, नंदभाषा. उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच, अंगुळू म्हणजे दहा. शेतकऱ्याच्या तोंडावर त्याच्याच ज्वारीचा भाव ठरायचा आणि त्याला वाटायचं हे कुणा नातलगाची चौकशी करताहेत. पण बैलाच्या बाजारात एक हात मालकाचाच होता. एवढा फरक कुठल्या अहवालात मला दिसला नाही.

पुढे शिकायला पुण्याला आले तेव्हा मंडईजवळ राहत होते. त्या आठकोनी मनोऱ्याचं कौतुक सगळे करतात, मी कधी मनापासून केलं नाही. १८८६ मध्ये ती इमारत उभी राहिली, नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत भरायचा. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. आज ती महात्मा फुले मंडई. मुंबईतही तेच. क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं, ज्या आर्थर क्रॉफर्डच्या नावाचं तो मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. पुढे १८८८ मध्ये मामलेदारांकडून लाच घेतल्याच्या आरोपांवरून त्याची चौकशी झाली, नोकरीही गेली. त्या इमारतीलाही आता जोतीरावांचंच नाव. ज्याने दगडी बाजारावरचा खर्च नको म्हटला, त्याच्या नावे दोन दगडी बाजार. हे मी भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, “निबंधात घालू?” मी म्हटलं, घाल, बाईंना लाल पेन लागेल.

आमच्या सोसायटीत डिसेंबरमध्ये ‘विंटर बझार’ भरतो. टेबलांवर पांढऱ्या चादरी, प्रत्येक मेणबत्तीला किमतीची चिठ्ठी, पैसे मोबाईलवर. घासाघीस केली तर स्टॉलवाली मुलगी खरंच गोंधळते. तिला वाटतं आपल्या वस्तूत काहीतरी खोट निघाली. तिचा दोष नाही. पण मग बाईंची व्याख्या तिथे अगदी फिट बसते आणि सांगोल्याचं तेवढं मार्केट होतं, हे मला मान्य नाही. ठरलेला वार नाही, भावाला बोलणं नाही, तर त्याला दुकान म्हणा, प्रदर्शन म्हणा.

सांगोल्यात टॉवेल अजून आहे. दिवाळीत भाचीला तो दाखवायलाच नेलं होतं. पण आता आवारात जर्सी गायी जास्त आणि बैल कमी, कारण नांगराला ट्रॅक्टर आला. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा खिलार खोंडाला कुणी विचारीना. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली तशी पळणाऱ्या खोंडांची किंमत पुन्हा चढली. मध्येच २०२२ ला जनावरांचा लम्पी रोग आला आणि राज्यातले जनावरांचे बाजारच बंद ठेवावे लागले.

म्हाताऱ्या बैलाचं मात्र कुणी काही बोलत नाही. हौश्याचा जोडीदार पाखऱ्या आबांनी विकला नाही, तो गोठ्यातच थकला. आबांना ते परवडलं, कारण तेव्हा घरची वैरण होती. २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. कायदा चांगला की वाईट यावर माणसं तावातावाने भांडतात, त्यांतल्या बहुतेकांच्या दारात बैल नसतो. जुळलेल्या, थकलेल्या, पाय ओढणाऱ्या बैलाला बाजारात नेलं तर हेडी त्याचा ओठसुद्धा ओढून बघत नाही, टॉवेल खांद्यावरच राहतो. मालक त्याला परत घरी घेऊन येतो, आणि दुष्काळी तालुक्यात विकतच्या कडब्यावर तो जितकी वर्षं जगेल तितकी वर्षं तो खर्च त्या शेतकऱ्याच्याच अंगावर असतो.