डुलणाऱ्या इमारतींच्या गावात

आपण शेतकरी माणसे परगावी गेलो की आधी काय बघतो? माती बघतो. ती काळी की मुरमाड, पाणी किती हातांवर, हे विचारतो. मग घरे-दारे. टोकियोला गेलो तेव्हा माझी खोड तीच. पुतण्या म्हणाला, "काका, मान वर करा. इथे बघायचे ते सगळे वर आहे." मी मान वर केलीही. पण मन सारखे खाली जात होते, त्या उंच उंच इमारतींच्या बुडाशी. त्याचे कारण आधी सांगतो, मग शहर फिरवून आणतो.

आमचे गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. गणपती विसर्जन करून माणसे थकून झोपली होती. चारच्या सुमारास जमीन हलली आणि किल्लारीच्या आसपासची गावेच्या गावे बसली. हजारो माणसे गेली. आमची घरे माळवदाची होती. दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, मधे नुसता मातीचा गिलावा, वर फूटभर मातीचा थर. आमची आत्या भिंतीखाली सापडली. नवल असे, की ज्या खोलीत जुन्या लाकडी खांबांचे आणि तुळयांचे खण होते, तिथे भिंती बाहेर कोसळल्या तरी माळवद खांबांवर तसेच राहिले. मी त्याच खोलीत झोपलो होतो.

आता यंदाची गोष्ट. धाकटा भाऊ घरामागे नवी खोली बांधतो आहे. मुलगा, सून आणि नात टोकियोहून सुटीत येतात, त्यांच्यासाठी. मी त्याला म्हटले, दार-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींवर सलग फिरेल अशी लोखंड-सिमेंटची पट्टी टाक. गवंडी म्हणाला, नुसते दारा-खिडकीवर लिंटल टाकले की भागते, भिंतीभर कशाला? भावाला गवंड्याचे पटले, कारण लोखंडाचा भाव वाढलेला. आमची बोलाचाली झाली आणि मी तसाच चैत्रात विमानात बसलो.

पुतण्या राहतो तो भाग निशीकासाई. टोकियोच्या पूर्व अंगाला आहे. तिथे आपल्याकडची इतकी माणसे आहेत, की दुकानात तूरडाळ मिळते. तिथून पहिल्या दिवशी आगगाडीने शहराच्या पश्चिमेला शिंजुकूला गेलो. तिथे टोकियो सरकारची कचेरी आहे. केन्झो तांगे या वास्तुशिल्पकाराने आखलेली, १९९० मध्ये पुरी झालेली, २४३ मीटर उंच. एका अंगावर उठून दोन मनोरे वर गेले आहेत. पंचेचाळिसाव्या मजल्यावर कुणीही जावे, तिकीट नाही. सरकारी कचेरीत पाहुण्याला असे फुकट वर नेतात, हे मला इमारतीपेक्षाही नवे वाटले. वरून पाहिले तर क्षितिजापर्यंत नुसती घरे. शेत म्हणाल तर बोटभर नाही.

हे शहर एवढे नवे का दिसते? कारण शंभर वर्षांत ते दोनदा जमीनदोस्त झाले. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना भूकंप झाला. घरोघरी स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या आणि घरे लाकडाची. आगीने उरलेले संपवले, लाखावर माणसे मेली. मग १९४५ मध्ये बाँबच्या आगीत पुन्हा जळाले. त्यामुळे जपानी माणूस उंच बांधायला फार वर्षे धजला नाही. ३१ मीटरपेक्षा उंच इमारत नको असा कायदाच होता. तो बदलला आणि १९६८ मध्ये कासुमिगासेकी भागात ३६ मजल्यांची पहिली उंच इमारत उभी राहिली. तिच्या मागचे अभियंते कियोशी मुतो यांचे म्हणणे साधे होते. ताठ उभे राहाल तर मोडाल, म्हणून इमारत लवती ठेवा. जोंधळ्याचे ताट वाऱ्यात कसे वाकते आणि पुन्हा उभे राहते, तसे समजा. ११ मार्च २०११ ला उत्तरेकडे समुद्रात मोठा भूकंप झाला, तेव्हा शिंजुकूतले काही मनोरे दहा मिनिटांहून अधिक वेळ डुलत होते. डुलले, पण पडले नाहीत.

योयोगीचे क्रीडागृह मात्र तुम्ही डोळ्यांनी बघावे असेच आहे. तेही तांगे यांचेच, १९६४ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले. धनगरांची राहुटी आठवा. दोन काठ्या, त्यांवर ताणलेला दोर, दोराला टाकलेले कापड आणि दोराची टोके जमिनीत खुंट्यांना. योयोगीला नेमके तेच आहे. फक्त काठ्यांच्या जागी एकमेकांपासून १२६ मीटरवर उभे केलेले दोन प्रचंड खांब, दोराच्या जागी पोलादी तारांचे जुडगे आणि कापडाच्या जागी पोलादी पत्र्याचे छप्पर. आत हजारो माणसे बसतात आणि मधे एकही खांब नाही. मी बराच वेळ बाहेर फिरत राहिलो. छपराची उतरंड अशी, की जुन्या देवळाचे छप्पर म्हणावे तर तेही आणि पाण्यातला शंख म्हणावे तर तेही. ही इमारत साठी ओलांडून गेली, पण जुनी दिसत नाही.

एक इमारत मात्र बघायची राहूनच गेली. ती आता नाही. गिंझा भागाजवळ किशो कुरोकावा यांनी १९७२ मध्ये बांधलेला नाकागिन मनोरा. दोन उभ्या खांबांना १४० पेट्या टांगलेल्या आणि प्रत्येक पेटीत एक माणूस राहायचा. पेटी म्हणजे सुमारे १०० चौरस फुटांची खोली, तिला एक मोठी गोल खिडकी, आत पलंग, न्हाणी, सगळे बसवून आणलेले. चार मोठ्या बोल्टांवर पेटी खांबाला अडकवलेली. कल्पना अशी, की पंचवीस वर्षांनी जुनी पेटी काढावी आणि नवी बसवावी. नांगराचा फाळ झिजला की नवा घालतो तसे. पण पन्नास वर्षांत एकही पेटी बदलली नाही. खालची काढायची तर आधी वरच्या काढाव्या लागत. शिवाय मालक अनेक, आणि खर्च कोणी करायचा? सामाईक विहिरीचा गाळ वर्षानुवर्षे का निघत नाही, हे आपल्याला माहीत आहेच. शेवटी २०२२ मध्ये मनोरा पाडला. काही पेट्या जपून ठेवल्या आहेत, त्यांतल्या काही संग्रहालयांत गेल्या. पुतण्या फोनवर त्याची चित्रे दाखवत होता. कपडे धुण्याची यंत्रे एकावर एक रचल्यासारखे दिसायचे ते. मला विचाराल तर मी त्यात दोन रात्रीही काढल्या नसत्या. पण असा विचार करणाऱ्याचे मला कौतुक वाटते.

आता ज्यासाठी एवढे लिहितो आहे ते सांगतो. उएनो भागात पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. ज्यांनी आपले चंदीगड आखले त्याच ल कॉर्ब्युझिए यांनी याचाही आराखडा केला, आणि ते १९५९ मध्ये उघडले. २०१६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत चंदीगडचा सरकारी इमारतींचा समूह आणि हे संग्रहालय एकदमच घेतले गेले. दिसायला साधी चौकोनी इमारत, गोल खांबांवर उचललेली. इतकी साधी, की पुतण्याची बायको म्हणाली, "काका, इथे काय आहे बघायला?"

होते ते जमिनीखाली होते. ही इमारत मोठ्या भूकंपात टिकणार नाही असे ध्यानात आले. भिंती जाड कराव्या तर मूळ रूप जाते. म्हणून १९९८ साली संपलेल्या कामात त्यांनी इमारतीखाली खणले, तिला तात्पुरता आधार दिला, ती पायापासून सुटी केली आणि मधे रबराचे ठोकळे बसवले. ठोकळा म्हणजे रबराचा थर, पोलादाचा पत्रा, पुन्हा रबर, पुन्हा पत्रा, अशी चळत. वजन पेलायला घट्ट, पण आडवी सरकायला मऊ. भोवती मोकळी फट सोडतात. खाली जमीन झटके देऊन हलते, वर इमारत सावकाश इकडून तिकडे सरकते.

ज्यांनी लोखंडी धावेच्या बैलगाडीतून दगडगोट्यांची वाट तुडवली आहे आणि नंतर टायरगाडीत बसले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. वाट तीच, खड्डे तेच, पण हाडे खिळखिळी होत नाहीत. आपल्याकडेही २००१ च्या भूकंपानंतर भुजचे रुग्णालय याच रीतीने पुन्हा बांधले आहे.

त्या साध्या खांबाला हात लावून उभा राहिलो तेव्हा आत्या आठवली. तिच्या भिंतीला रबर नव्हते, हे सोडा. दगडाला दगड धरून ठेवणारे काहीच नव्हते. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती आणि खडी. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड हात-दीड हातावर घातला असता, वर एक सलग पट्टी फिरवली असती, तर चारी भिंती एकमेकींना धरून हलल्या असत्या. या गोष्टी आपल्याकडे भूकंपानंतर गावोगाव सांगितल्या गेल्या. त्याला परदेशी यंत्र लागत नाही.

परतीच्या आदल्या दिवशी आसाकुसाला गेलो. तिथल्या देवळापाशी पाच मजली पॅगोडा आहे. मूळचा लाकडी १९४५ च्या आगीत गेला, आजचा सिमेंटचा आहे. नदीपलीकडे ६३४ मीटर उंच स्कायट्री. सहा-तीन-चारचे जपानी उच्चार जोडले की मु-सा-शी होते आणि मुसाशी हे या मुलखाचे जुने नाव, म्हणून एवढी उंची. तो २०१२ मध्ये लोकांना खुला झाला. जुन्या लाकडी पॅगोड्यांच्या मधोमध एक मोठा खांब असतो. नारा भागातला होर्युजीचा पॅगोडा तेराशे वर्षे उभा आहे. ते भूकंपात का पडत नाहीत, नुसत्या त्या खांबामुळे की सांध्यांच्या ढिलाईमुळे, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. स्कायट्रीच्या पोटातही ३७५ मीटर उंचीचा सिमेंटचा खांब आहे आणि त्याला नाव जुन्या पॅगोड्याच्याच खांबाचे दिले आहे. खालचे १२५ मीटर तो बाहेरच्या पोलादी सांगाड्याला पक्का जोडलेला, त्यावर सुटा. मधे तेलाचे दट्टे. सांगाडा एकीकडे झुकला की खांब मागे राहतो आणि डोलणे कमी होते.

मला आमच्या जुन्या खोलीतले लाकडी खण दिसायला लागले. ते कुणी अभियंत्याने आखले नव्हते. गावच्या सुताराने सांधे घातले होते.

त्या रात्री निशीकासाईत जमीन हलली. फार नाही. दिवा झुलला, कपाटातली भांडी किणकिणली. मी अनवाणी दाराकडे धावलो. छाती धडधडत होती. सात वर्षांची नात टेबलाखालून म्हणाली, "आजोबा, बाहेर नाही पळायचं, इकडे या." शाळेत त्यांचा सराव घेतात. १९२३ च्या भूकंपाची तारीख, १ सप्टेंबर, हा त्यांचा आपत्तीच्या तयारीचा दिवस. सूनबाईने गॅस बंद केला, थोडे थांबली, पुन्हा पेटवला आणि भाजी परतायला लागली. मी टेबलाखाली नातीशेजारी बसलो होतो.

जेवणानंतर भावाला फोन लावला. म्हटले, काम कुठवर आले? म्हणाला, दारा-खिडक्यांवर लिंटले टाकून वर दोन थर झाले. मी म्हटले, ते दोन थर उतरव. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "अण्णा, विटा वाया जातील." मी म्हटले, विटांचे पैसे मी देतो. पुन्हा गप्प.

"गवंडी उद्या सकाळी साडेनऊला येणार आहे," तो म्हणाला. "माझं ऐकणार नाही तो. तुम्हीच बोला त्याच्याशी."

मी पुतण्याला विचारले, आपल्याकडचे साडेनऊ म्हणजे इथले किती? तो म्हणाला, दुपारचा एक. विमान संध्याकाळचे होते.