छौछौछौ

आमच्या सोसायटीचा मी खजिनदार. देखभाल खर्चाची वसुली वहीत लिहून लिहून कंटाळलो आणि बावन्नाव्या वर्षी पायथन शिकायला घेतलं. भाचा प्रोग्रामर आहे. त्याची मतं मला जेवता जेवता, फुकट मिळतात. "मामा, नवा लॅपटॉप कशाला? जुन्यावर लिनक्स टाक. पैसे घालायचेच तर कीबोर्डवर घाल." आणि, "जे लिहिशील ते गिटमध्ये ठेव. आज मोडलंस तरी कालचं परत मिळेल."

हे शेवटचं मला लगेच पटलं. जुनी नोंद न खोडता पुढची करायची, हे तर आम्ही रोजकीर्दीत करत आलोय.

रविवारी दुपारी गिटला कमिटची, म्हणजे बदल नोंदवण्याची, आज्ञा दिली आणि पडदाच बदलला. वर एक रिकामी ओळ, खाली इंग्रजी सूचना, त्याखाली डाव्या कडेला नागमोडी चिन्हांची उतरंड. काय बदललं ते लिहा, एवढा अर्थ लागला. लिहू लागलो तर अक्षर उमटेना. चार कळा बडवल्या, त्यात इन्सर्टची दाबली गेली असावी, कारण अचानक 'देखभाल खर्च' उमटलं. आता बाहेर कसं पडायचं? सेव्हचं बटण नाही. खिडकीची फुली दाबावी तर लिहिलेलं जाईल ही भीती. मोबाइलवर शोधलं: कोलन दाबा, मग क्यू. दाबलं. पडद्यावर आलं: छौ.

पुन्हा दाबलं. छौछौ. तिसऱ्यांदा, छौछौछौ. कुत्र्याला छू म्हणतात, इथे संगणक मला छौ म्हणत होता.

शेवटी भाच्याला फोन. तो आधी पोटभर हसला. "मामा, तू विममध्ये अडकलायस. गिटला दुसरा एडिटर सांगितला नाही की ते बऱ्याचदा तिथेच नेतं. आधी मराठी कळपाट बंद कर."

तेव्हा उलगडा झाला. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे माझ्या मराठी कळपाटात, कोलनच्या कळीवर छ बसतो आणि क्यूवर औकाराची मात्रा. शिवाय विममध्ये लिहिण्याची अवस्था वेगळी, आज्ञा देण्याची वेगळी. एकीतून दुसरीत जायला एस्केप. मी लिहिण्याच्या अवस्थेत बसून आज्ञा सोडत होतो. "एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर," भाचा म्हणाला. सुटलो.

"असला तऱ्हेवाईकपणा कोणी केला?" मी चिडून विचारलं. तो रंगात आला. मूळचा व्हीआय बिल जॉयने 1976 मध्ये बर्कलीत लिहिला. त्याच्या टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. बाण एच, जे, के, एल या अक्षरांवरच छापलेले. म्हणून व्हीआयमध्ये कर्सर आजही त्या चार अक्षरांनी हलतो. त्याची सुधारित आवृत्ती म्हणजे विम, नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी 1991 मध्ये अमिगा संगणकासाठी बाहेर काढलेली.

दुसऱ्या दिवशी जरा धीर करून विम नुसताच उघडला. पडद्याच्या मधोमध ओळ: युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. मला वाटलं, व्हायरस शिरला! पण ते खरं होतं. मोलेनार युगांडातल्या किबाले इथल्या बालकेंद्रात वर्षभर पाणी आणि स्वच्छतेचं काम करून आले होते. विम फुकट वापरा, आवडला तर त्या मुलांना काही द्या, एवढंच त्यांचं मागणं. 2023 मध्ये ते गेले. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कोणाचंच नसलेलं, अशी माझी समजूत होती. इथे तर कोणाचं ते पहिल्याच पानावर कळत होतं.

युगांडाच्या ओळीखालीच आणखी एक ओळ होती: बाहेर पडायला कोलन, क्यू, एंटर. मी आदल्या दिवशी गिटच्या मागच्या दाराने आत शिरलो होतो, म्हणून ही पाटी दिसलीच नव्हती. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "आठ वर्षं वापरतोय, ते वाचतो कोण?"

माझा पहिला कमिट 'देखभाल खर्चछौछौछौ' या नावाने नोंदला गेलाय. बदलता येतो म्हणे. मी नको म्हटलं. रोजकीर्दीत खाडाखोड करत नाहीत.