पाव गोळी

माझी लेक अर्ध्या हृदयावर जगते. तिचं फाँटन ऑपरेशन झालेलं आहे. फ्रान्समधल्या बोर्डो शहरातल्या फ्रान्सिस फाँटन यांनी 1971 मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया. शरीराकडून परतणारं अशुद्ध रक्त तिच्या हृदयात न जाता एका नळीतून थेट फुप्फुसांकडे जातं. मागून ढकलणारा पंप नाही, त्यामुळे रक्त संथ वाहतं, आणि संथ रक्तात गुठळी होते. म्हणून रोज वॉर्फरिन, रक्त पातळ ठेवणारी गोळी. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, 2 ते 3 मध्ये ठेवायचा.

हे सगळं मला पाठ होतं. तरी धास्ती वाटायची ती रक्तस्रावाचीच, कारण तो दिसतो.

ऑपरेशननंतरच्या हिवाळ्यात तिचा घोळणा फुटला. उशीचा अभ्रा लाल झाला. थोड्या वेळात रक्त थांबलं, पण दुसऱ्या दिवसापासून मी ब्लेडने गोळी कापून पाव गोळी कमी द्यायला लागले. ह्यांनाही सांगितलं नाही. डॉक्टर ‘आधी आयएनआर बघू’ म्हणाले असते, आणि मला तर गोळी कमीच करायची होती. म्हणून त्यांनाही विचारलं नाही. त्यात मेथीचे दिवस. अंगात रक्त भरेल म्हणून रोज मेथी. पालेभाजीतलं ‘के’ जीवनसत्त्व वॉर्फरिनचा जोर कमी करतं, हा कागद आमच्या फ्रिजवरच चिकटवलेला होता. सुई टोचली की ती रडते, म्हणून तपासणीही पुढे ढकलत गेले.

शेवटी तपासणी केली, तेव्हा आयएनआर आला 1.3. इकोच्या पडद्यावर नळीच्या कडेला पांढुरका ठिपका दिसला, किंचित हलणारा. सुटला असता तर फुप्फुसात. आणि नळीला मुद्दाम ठेवलेल्या छिद्रातून मेंदूतही जाऊ शकला असता.

“गोळी चुकते का?” डॉक्टरांनी विचारलं. “कधीतरी राहिली असेल,” मी म्हणाले. धडधडीत खोटं. गुठळीवरचं हेपरिन सुरू झालं, पुढच्या डोसचा हिशोब ते मांडायला लागले, तेव्हा कुठे तोंड उघडलं. गप्प राहिले असते तर तो हिशोबही चुकला असता.

गुठळी हळूहळू विरली. घोळणा अजूनही फुटतो. तिला पुढे वाकवून बसवते, नाक चिमटीत धरते. थांबलं नाही तर फोन. मेथी बंद नाही, पण दर आठवड्याला सारखीच. गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर देते, दुसऱ्या दिवशी दुप्पट कधीच नाही. नवं औषध, अगदी अँटिबायोटिकसुद्धा, विचारल्याशिवाय नाही. आणि जुलाब-उलट्या लागल्या तर सकाळची वाट बघत नाही. अंगातलं पाणी कमी झालं की गुठळीचा धोका आणखी वाढतो.