अकरा रात्री, चार मुक्काम

इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरायचं ठरवलं की सुरुवातीला यादी नुसती वाढत जाते. माझीही वाढली. चिंक्वे तेर्रेची पाच गावं, काप्री, पोझितानो, अमाल्फी, तिथून रेल्वेने सिसिली, ताओर्मिना, मग लिपारी आणि स्ट्रॉम्बोली ही बेटं. रील्समध्ये ही सगळी ठिकाणं एकापाठोपाठ एक येतात, मध्ये प्रवास दिसतच नाही. नकाशा उघडला की कळतं, चिंक्वे तेर्रे पार उत्तरेला जेनोव्हाच्या बाजूला आहे आणि स्ट्रॉम्बोली खाली सिसिलीजवळच्या समुद्रात. माझ्याकडे होत्या अकरा रात्री, तीन वर्षांच्या आरडीचे पैसे आणि सोबत आई. वय छप्पन्न, उजवा गुडघा कुरकुरणारा, पासपोर्ट कोरा.

आम्ही औंढ्याचे. लोणावळ्यात भांगरवाडीकडून लोहगडाला चालत निघालेले ट्रेकर आमच्या गावातून जातात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा आवाज रात्रीही थांबत नाही. गेल्या काही वर्षांत भातखाचरांच्या कडेने बंगले उभे राहिले, त्यांत स्विमिंग पूल आले आणि शुक्रवार-रविवारची वस्ती आली. आई चौदा वर्षं या बंगल्यांवर जेवण देते. "शनिवारी रात्री बारा माणसं, पाच व्हेज" असा फोन येतो आणि आमच्या घरी चूल पेटते. पिठलं-भाकरी, गावरान चिकन, इंद्रायणीचा भात. म्हणजे दुसऱ्याची सुट्टी हा आमच्या घरचा धंदा आहे. स्वतः आई एवढ्या वर्षांत मुक्कामाला गेली ती फक्त पंढरपूरला आणि मामाकडे.

त्यामुळे मी प्लॅन करायला बसले तेव्हा मला वाटलं होतं, ठिकाणं मी ठरवणार आणि आई फक्त हो म्हणणार. पण पर्यटक कसा असतो हे आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत निघालं. तिने हजारो पाहिलेत. तिचं एक निरीक्षण आहे: "आठ पॉइंट करून आलेली माणसं जेवताना बोलत नाहीत." टायगर पॉइंट, लायन्स पॉइंट, भुशी धरण, कार्ला, भाजे, सगळं एका शनिवारात उरकून येतात. मोबाइल चार्जिंगला लावतात, ताट पुढे घेतात आणि पेंगतात. रविवारी अकराला खोली सोडायची असते. पुढच्या बंगल्याची खोली दोनला मिळणार असते. मधले तीन तास सगळं कुटुंब बॅगा घेऊन गाडीत.

हे तिने सांगितल्यावर मी माझ्या यादीला तिचाच हिशेब लावला. एक मुक्काम बदलला की निदान अर्धा दिवस जातो. सकाळी आवरणं, बॅगा, स्टेशन किंवा धक्का, बोट, पुन्हा बॅगा, नवी खोली मिळेपर्यंत वाट पाहणं. अकरा रात्रींत सात मुक्काम केले तर साडेतीन दिवस सामानातच गेले. म्हणून आधी ठिकाणं मोजायची नाहीत, खोल्या मोजायच्या असं ठरलं. उत्तरेचं चिंक्वे तेर्रे पहिल्याच फेरीत गेलं. आता नेपल्सच्या आखातापासून फार लांब जायचं नव्हतं.

काप्रीवरून मात्र बरंच बोलणं झालं, कारण काप्री सगळ्यांच्या फोटोत असतं. नेपल्सहून जलद बोटीने तासाभराच्या आत पोचता येतं, म्हणूनच तिथे सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची झुंबड असते. बेटावर पाणी येतं ते मुख्य भूमीवरून, समुद्राखालच्या नळाने. जून २०२४ मध्ये पुरवठा बिघडला तेव्हा तिथल्या महापौरांनी पर्यटकांना बेटावर उतरायलाच बंदी घातली होती. दुरुस्ती झाल्यावर ती उठवली. मी ही बातमी आईला वाचून दाखवली. ती लगेच म्हणाली, "मग गावच्या बायकांनी काय केलं असेल त्या दिवशी?" बातमीत पर्यटकांचं होतं, गावच्या बायकांचं नव्हतं. व्हेनिसनेही २०२४ पासून ठरावीक दिवशी, फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घ्यायला सुरुवात केली. पावसाळ्यातल्या रविवारी आम्ही औंढ्याहून लोणावळ्यात दूध द्यायलाही जात नाही, त्यामुळे हे नियम आम्हाला चमत्कारिक वाटले नाहीत. काप्री यादीतून गेलं. त्या गर्दीत आणखी दोन डोकी नकोत, एवढंच.

त्याऐवजी प्रोचिदा आलं. नेपल्सच्या आखातातलं हे चार चौरस किलोमीटरच्या आसपासचं बेट, वस्ती दहा हजारांच्या घरात. कोळ्यांचं आणि बोटीवर नोकरी करणाऱ्यांचं गाव. २०२२ मध्ये इटलीने त्याला त्या वर्षाची सांस्कृतिक राजधानी केलं होतं. नेपल्सहून मोठ्या फेरीने साधारण तास लागतो, हायड्रोफॉइलने त्याहून कमी. तिथल्या कोरिचेल्ला या कोळीवाड्याचे फिक्या गुलाबी-पिवळ्या घरांचे फोटो प्रसिद्ध आहेत. पण तिथे गाडी जात नाही, पायऱ्या उतरून जावं लागतं. गुडघ्याचा विचार करून खोली बंदराजवळच्या सपाट भागात घेतली. पायऱ्या रोज दोनदा चढण्याऐवजी एकदा, सावकाश, बसत-बसत.

प्रोचिदाला जाड सालीची मोठी लिंबं होतात. सालीखालचा पांढरा गर कडू नसतो, म्हणून त्या लिंबाची फोडी करून कोशिंबीर करतात. हे वाचल्यावर आईला पहिल्यांदा तिच्याकडून काहीतरी बघायचं सुचलं. तोवर ती नुसती माझ्या यादीतलं कमी करत होती. आता ती म्हणाली, "चूल असलेली खोली बघ." मी ठाम नको म्हटलं. सुट्टीवर जायचं आणि तिथेही तिने रांधायचं, हे मला पटेना. ती म्हणाली, "सुट्टी म्हणजे स्वयंपाक करायचा नाही, हे तू ठरवलंस. मला बारा माणसांचा करायचा नाही. दोघींचा करायला काय होतंय?" प्रोचिदाची खोली शेगडीसकट घेतली. बाकीच्या मुक्कामांत हॉटेल.

नेपल्स मी केवळ विमानतळासाठी धरलं होतं. मग तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयाबद्दल वाचलं. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या उत्खननात एक हस्तिदंती मूर्ती सापडली, वीतभरापेक्षा थोडी मोठी, दागिन्यांनी मढलेली भारतीय स्त्री. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाव गाडलं गेलं, त्याआधीच ती तिथे पोचली होती. अशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. देशावरचा माल घाट उतरून कोकणच्या बंदरांत जायचा, त्या वाटांपैकी एक बोरघाटाची, म्हणजे आमच्याच शेजारची. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या काही खांबांवर ते दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत. एकवीरेला जाताना ते खांब आम्ही लहानपणापासून बघतो, वाचता कधी आले नाहीत. ती मूर्ती नेमकी कोणत्या वाटेने गेली हे सांगता येत नाही, पण आपल्याकडची एक बाई दोन हजार वर्षांपूर्वी तिकडे पोचलीय, हे आईला फार आवडलं. नेपल्सला तीन रात्री झाल्या. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, त्यामुळे तो दिवस पॉम्पेईचा.

अमाल्फीचा किनारा राहिला. तिथला रस्ता डोंगराच्या कडेने कोरलेला, अरुंद, वळणावळणाचा. गर्दीच्या दिवसांत बाहेरच्या गाड्यांना नंबर प्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून सम-विषम सोडतात. घाटातला जाम काय असतो हे आम्हाला कोणी शिकवायला नको. म्हणून मुक्काम पोझितानोत न करता सालेर्नोला. तिथे रेल्वे आहे, समुद्राकाठी सपाट लांब रस्ता आहे आणि खोल्या स्वस्त आहेत. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर तिथून अमाल्फी आणि पोझितानोला बोटी जातात. अमाल्फीच्या चर्चला बासष्ट पायऱ्या आहेत. आईने आकडा ऐकून घेतला आणि म्हणाली, "बघू. खाली बसून पण छान दिसत असंल." पोझितानो बोटीतूनच बघायचं.

ह्या सगळ्यात माझं एक गेलं. नेपल्सहून सिसिलीला जाणाऱ्या रेल्वेचे डबे मेसिनाच्या सामुद्रधुनीपाशी चक्क बोटीत चढवतात आणि पलीकडे उतरवून गाडी पुढे जाते. कॉलेजात असताना मी त्याचा व्हिडिओ पाहिला होता. आरडी उघडली तेव्हा डोक्यात तीच गाडी होती. पण त्या गाडीने पालेर्मो म्हणजे नऊ-दहा तास, आणि परतीचेही तेवढेच. दोन रात्रींसाठी दोन दिवस. मी दोन-तीन वेळा ते बसवून पाहिलं, प्रत्येक वेळी प्रोचिदाच्या रात्री कमी होत होत्या. शेवटी सोडून दिलं. आई म्हणाली, "तू पुढच्या वेळी जा." पुढच्या वेळी तिला घेऊन जाणं जमेल की नाही हे दोघींनाही माहीत आहे, म्हणून ती 'जाऊ' म्हणाली नाही.

क्रम लावताना एक गोष्ट सांभाळली. वारा वाढला की लहान जलद बोटी आधी बंद होतात, मोठ्या फेरी त्यामानाने चालू राहतात. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असतात आणि भाऊच्या धक्क्यावरून रो-रो चालू असते, तसंच. त्यामुळे बेट शेवटी ठेवायचं नाही, मध्ये ठेवायचं. एखादा दिवस अडकलोच तर विमान चुकत नाही. आणि शेवटची रात्र विमानतळाच्या गावात. हा नियम आईचा. रविवारी दुपारी जेवून "आठची फ्लाइट आहे" म्हणत घाटाकडे निघालेले लोक आणि नंतर त्यांचे फोन तिला आठवतात. म्हणून: नेपल्स तीन, प्रोचिदा चार, सालेर्नो तीन, पुन्हा नेपल्स एक.

तारखा काढणं त्याहून अवघड होतं. पावसाळा आमचा सीझन. गणपतीत घर. दिवाळीपासून पुन्हा बुकिंग. राहिला पितृपक्ष, तेव्हा बंगले रिकामे असतात. आजोबांची तिथी द्वितीया. ते जेवण घालून तृतीयेला रात्री निघायचं आणि घटस्थापनेच्या आत घरी. पितृपक्षात नवं काही करत नाहीत असं आत्या म्हणाली. आईने सांगितलं, तिकिटं श्रावणातच काढलीत. बाबा येणार नाहीत. दोन म्हशी आहेत आणि त्यांना खरंच यायचंही नाही.

मग व्हिसा. शेंगेन व्हिसाला प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मोठ्या माणसाचं शुल्क २०२४ च्या जूनपासून ९० युरो, व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. निदान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. राहण्याची बुकिंग, परतीचं तिकीट, बँकेचं स्टेटमेंट. खोल्या सगळ्या रद्द करता येतील अशाच घेतल्या. फॉर्म भरून देणाऱ्या एका माणसाकडे गेलो, तर 'सध्याचा व्यवसाय' या रकान्याशी तो म्हणाला, "मावशींचं गृहिणी लिहू. मुलगी खर्च करतेय, सोपं पडेल."

आई तिथे काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "मग चौदा वर्षं मी काय केलं?"

फॉर्म आम्ही घरी भरला. तिच्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट काढलं. त्यात पगारासारखी एक मोठी रक्कम कुठेच नाही. आठशे, बाराशे, साडेचार हजार, पुन्हा नऊशे, बहुतेक शुक्रवार ते रविवार, यूपीआयवरून. तिच्या नावावरची खाद्यव्यवसायाची नोंदणी होती, उद्यमचं प्रमाणपत्र होतं. ते सगळं जोडलं आणि व्यवसायापुढे लिहिलं: स्वतःची खानावळ. खर्चाची हमी म्हणून माझं पत्र आणि माझ्या पगाराच्या स्लिपाही जोडल्या, कारण अधिकाऱ्याला शेवटी पैसे दिसायला हवेत. कागद वाढले. प्रश्न वाढतील की नाही, ते मुंबईतल्या अपॉइंटमेंटनंतर कळेल. व्हिसा मिळेलच असं नाही. आई म्हणते, नाही मिळाला तर नाही, पण तिथे खोटं लिहून जायचं नाही.

दरम्यान ती तयारी करतेय. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे बाद. चिक्की येणार. इटलीत बऱ्याच ठिकाणी टेबलावर बसण्याचे माणशी एक-दोन युरो बिलात वेगळे लावतात, त्याला 'कोपेर्तो' म्हणतात, हे मी तिला सांगितलं. मला वाटलं ती वैतागेल. ती विचारात पडली आणि म्हणाली, "बरोबर आहे की. ताटाचे वेगळे, बसायचे वेगळे. आपण कधी लावले नाहीत."

प्रोचिदाच्या चार दिवसांपुढे मी अजून काही लिहिलेलं नाही. एका दिवसापुढे आईने तिच्या हाताने 'बाजार' लिहिलंय. बंगल्यांच्या केअरटेकरांना पाठवायचा मेसेजही तिने तयार ठेवलाय: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत जेवण मिळणार नाही. मी म्हटलं, कारण लिही ना, इटलीला चाललेय म्हणून. ती म्हणाली, "गिऱ्हाइकाला कारण कशाला? बंद आहे म्हणजे बंद आहे." तारखांची जागा तिने मोकळी सोडलीय. व्हिसा आला की भरणार.