स्लॉट आहे का, ते आधी पाहा

अंधेरी असो, बोरिवली असो की मुलुंड, लॅपटॉप काउंटरवर ठेवताना माणूस म्हणतो, “स्लो झालाय, रॅम वाढवून द्या.” तक्रार आणि उपाय एकाच दमात. तक्रार मी खरी धरतो, उपाय तपासून पाहतो.

त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडायचा आणि नेहमीचे काम चालू ठेवून मेमरीचा आकडा पाहायचा. तो ९० टक्क्यांच्या वर चिकटून राहिला तर रॅम खरेच अपुरी आहे. रॅम भरली की विंडोज तिच्यातला कमी लागणारा भाग डिस्कवर उतरवते आणि गरज पडेल तसा परत आणते. डिस्क जुनी, फिरती असेल तर ही ने-आण रखडते. मात्र मेमरी निम्मी मोकळी आणि डिस्क १०० टक्क्यांवर दिसली, तर मी रॅम विकत नाही, एसएसडी बसवायला सांगतो. लॉकडाउनमध्ये मुलांच्या शाळेसाठी घेतलेल्या ४ जीबीच्या मशीनला बहुधा दोन्ही लागतात. पैसे एकाचेच असतील तर एसएसडी आधी.

किती स्लॉट भरलेत, तेही त्याच पडद्यावर दिसते. ‘एसओडिम’, म्हणजे काढता-घालता येणारी स्टिक, असे लिहिलेले असेल तर बहुतेक काम होते. ‘रो ऑफ चिप्स’ दिसले, तर चिप बोर्डावरच सोल्डर केलेल्या असतात. मग बोर्डावर वेगळा मोकळा स्लॉट आहे का, तेवढे पाहायचे उरते.

स्लॉट असला तरी रॅमचा प्रकार जुळावा लागतो. लॅमिंग्टन रोडवरून घाईत स्वतःच रॅम घेऊन येणारे नेमके इथे अडतात. डीडीआर३च्या स्टिकला २०४ पिना, डीडीआर४ला २६०, डीडीआर५ला २६२. खाचेची जागाही वेगळी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. फसवते ती डीडीआर३एल. ती साध्या डीडीआर३सारखीच दिसते, पण चालते १.३५ व्होल्टवर. फक्त तेवढ्याच व्होल्टेजच्या मशीनला १.५ व्होल्टची स्टिक लावली तर डिस्प्ले येत नाही.

दोन स्लॉट असतील तर एक १६ जीबीची घेण्यापेक्षा ८च्या दोन लावाव्यात. घाटकोपर स्टेशनच्या पुलाला दुसरा जिना मिळावा तसे होते: गर्दी तेवढीच, पण वाट दुप्पट. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपला हा फरक चांगला जाणवतो.

पावसाळ्यात ‘नो डिस्प्ले’च्या तक्रारी वाढतात. दमट हवेत स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. बॅटरीचा कनेक्टर काढून, पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून स्टिक पुन्हा बसवली की पुष्कळदा मशीन उठते. नव्या डीडीआर५च्या वेळी मात्र पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. मशीन मेमरीशी जुळवून घेत असते, तेव्हा बटण दाबत बसू नये.

पण हे सगळे स्लॉट असेल तर. २००८च्या पहिल्या मॅकबुक एअरपासूनच तिची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे. २०२०च्या एम१मध्ये ती प्रोसेसरच्याच पॅकेजात गेली, आणि विंडोजचे पातळ लॅपटॉपही सोल्डरिंगकडे वळले. हा निव्वळ कंपन्यांचा कावा नाही. कमी व्होल्टेजवर वेगाने धावणाऱ्या एलपीडीडीआरला प्रोसेसरपर्यंतची वाट आखूड लागते. स्क्रूने बसणाऱ्या, बदलता येणाऱ्या कॅम२ मेमरीचे मानक, मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेकने डिसेंबर २०२३मध्ये जाहीर केले, पण आमच्या टेबलावर ती अजून क्वचितच येते.

त्यात २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवली आणि रॅमचे भाव चढले. ‘आत्ता ८ घेऊ, पुढे वाढवू’ हा मध्यमवर्गीय हिशेब त्यामुळे दोन्हीकडून अडचणीत आला आहे. म्हणून नवा लॅपटॉप घेताना रंग आणि बॅगेआधी विचारा: स्लॉट किती, आणि त्यातला रिकामा किती? उत्तर ‘स्लॉटच नाही’ असेल तर १६ जीबीच घ्या. त्या मशीनची रॅम पुढे कोणताही मेकॅनिक सहजी वाढवून देणार नाही, मीसुद्धा नाही.