इंदूरला जाताना डबे रिकामे न्या

मैत्रिणींनो, इंदूरला जायचं ठरलं तर दशम्या, चटण्या, लाडू असला पसारा बरोबर घेऊ नका. गाडीत लागेल तेवढं एक वेळचं पुरे. एरवी आपली सहल म्हणजे काय हो? घरचा स्वयंपाक बांधून न्यायचा, परगावी सोडायचा, सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं आपण खायचं. इंदुरात याची गरजच नाही.

सकाळी पोहे खा. इथे पोह्यांचं भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वाफेवर ऊन राखतात, त्यामुळे तेल बेताचं लागतं. फोडणीत बडीशेप, वर शेव, कांदा आणि जिरावन नावाचा आंबट-तिखट मसाला. सोबत गरम जिलबी! ऐकायला विचित्र, पण दुसऱ्या घासाला पटतं.

मग पाहायला निघा. होळकरांचा राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. तो आगींत अनेकदा होरपळला. 1984 च्या आगीनंतर बराचसा भाग पुन्हा उभारावा लागला. जवळच कृष्णपुरा छत्र्या आणि काच मंदिर आहे. या जैन मंदिरात भिंती, खांब, छत, सगळीकडे काचकाम. मुलं हरखून जातात. लालबाग महालाला निवांत दोन तास द्या. बाजारात भाव करताना हिंदीची जुळवाजुळव करीत बसू नका; होळकरांच्या काळापासून इथे पुष्कळ मराठी घरं आहेत, मराठीतच उत्तर मिळण्याचा संभव फार. त्यात हिंदी मिसळलेली असते, पण कानाला गोड लागते.

दुपारी मात्र सक्तीने झोपा, कारण खरं इंदूर रात्री जागं होतं. राजवाड्यामागचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार. रात्री नवाच्या सुमाराला पेढ्यांची दारं लागू लागतात आणि त्याच ओट्यांपुढे कढया चढतात. मध्यरात्र उलटली तरी बायका-मुलं, म्हाताऱ्या आजीबाई मजेत खात उभ्या असतात. रात्रभर वर्दळ असली की दुकानांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच याला उत्तेजन दिलं, असं सांगतात. आपल्यासारख्या बाईला रात्री अकराला नवऱ्याबरोबर रस्त्यावर हिंडत, कुणाला वाढायचं नाही, भांडी घासायची नाहीत, अशा मोकळेपणाने खायला मिळणं काही थोडं नव्हे. ‘बाहेरचं कशाला?’ म्हणणाऱ्या आमच्या सासूबाईही तिथे दोन मालपुवे खाऊन आल्या.

एक युक्ती सांगते. प्रत्येक पदार्थाची एकच बशी घ्या आणि चौघांत वाटा, नाहीतर पहिल्या दोन दुकानांतच पोट भरेल. खोपरा पॅटीस, दहीवडा, मावाबाटी हवेच. शिकंजी म्हटली की लिंबाचं सरबत समजू नका. इथली दाट, दुधाची असते. गराडू हा कंद तळून, मसाला भुरभुरून देतात, पण तो थंडीतच. म्हणून डिसेंबर-जानेवारीत जाणं उत्तम.

भुट्ट्याचा कीस तर घरीही होतो. कोवळी कणसं किसून घ्या. तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची घालून कीस मंद आचेवर परता, मग थोडंथोडं दूध घालून शिजवा. तूप सुटू लागलं की मीठ, किंचित साखर, लिंबू, कोथिंबीर, खोबरं. घाई केलीत तर कच्चट लागतो, एवढं लक्षात ठेवा.

एक दिवस हाती असेल तर महेश्वरला जा. अंतर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 या काळात इथून राज्य केलं. नर्मदेचा घाट पाहून मन शांत होतं. त्यांनीच विणकरांना आश्रय दिला. माग आजही चालू आहेत. माहेश्वरी साडी हलकी, उन्हाळ्यात नेसायला सुखाची. काही साड्यांचे काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतात, तेव्हा उलटून बघून घ्या. आणि सौदा आधी ठरवा, साडी मागाहून उलगडा. उलगडल्यावर आपल्याच्याने सोडवत नाही!

येताना ते रिकामे डबे शेव आणि जिरावनने भरा. जिरावन मात्र दोन पिशव्यांत बांधून मगच डब्यात घाला, नाहीतर नव्या साडीला हिंगाचा वास लागेल.