झोपेचं सोंग

गेल्या शुक्रवारची गोष्ट. ऑफिसातून निघता निघता लॅपटॉपचं झाकण मिटलं, सॅकमध्ये कोंबला आणि कोल्हापूरची गाडी पकडली. साताऱ्याला चहासाठी उतरताना सॅक पाठीला लावली तर हाऽऽ चटका! आत लॅपटॉप तव्यासारखा तापलेला. घरी पोचेपर्यंत बॅटरी शून्य. दोन दिवस खपून जवळजवळ पकडलेला बग, उघडी टर्मिनलं, सेव्ह न केलेल्या नोंदी... सगळं स्वाहा.

"झोपवला होतास म्हणतोस, मग तापला कसा?" आई म्हणाली. "सोंग घेतलं असेल की त्यानं."

आई, दंडवत घे. नेमकं हेच झालं होतं.

पूर्वीची झोप म्हणजे एस-3. 1996 साली आलेल्या एसीपीआय स्टँडर्डमधली. रॅम जिवंत राहील एवढीच वीज, बाकी अंधार. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये ती सोयच नसते. त्याऐवजी एसटूआयडल. यात मशीन खरं तर चालूच असतं, फक्त प्रत्येक उपकरणानं आपापलं गुमान पडून राहायचं. एका ड्रायव्हरनं जरी चुळबुळ केली तरी प्रोसेसर गाढ झोपेत जात नाही आणि पंख्याला पत्ता लागेपर्यंत बॅटरी संपते. लिनक्सवर /सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल उघडून बघा. 'डीप' दिसलं तर नशीबवान आहात. माझ्याकडे एकटं एसटूआयडल!

म्हटलं, मग हायबरनेटच करू. रॅममधलं सगळं डिस्कवर लिहायचं आणि वीज पूर्ण बंद. ऐकायला सोपं. पण रॅम 16 जीबी आणि इन्स्टॉल करताना स्वॅप ठेवलेला 2 जीबी (तेव्हा कोण विचार करतो?). स्वॅप फाइल वाढवली, ती डिस्कवर कुठून सुरू होते तो आकडा काढून बूटच्या पॅरामीटरमध्ये घातला. तरी कर्नल ढिम्म. कारण सिक्युअर बूट. तो चालू असला की माझ्या डिस्ट्रोत कर्नलचं लॉकडाउन लागतं (हे 2019 च्या 5.4 आवृत्तीत आलं), आणि डिस्कवरच्या त्या प्रतीत कुणी ढवळाढवळ केली नाही याची खात्री देता येत नाही म्हणून हायबरनेट बंद. कारण पटतं हो, पण शनिवार माझा गेला ना!

शेवटी सिक्युअर बूट बंद केला. मनाला टोचतंय, खोटं कशाला बोलू. आता झाकण मिटलं की आधी साधी झोप आणि अर्ध्या तासानं हायबरनेट. सिस्टमडीत ही सोय तयारच आहे. उठल्यावर वायफाय रुसतं, त्याचं मॉड्यूल काढून परत घालावं लागतं. चालायचंच.

रविवारी रात्री परतीच्या गाडीत बसलो. कराड यायच्या आत तीनदा सॅकवर हात ठेवून बघितला. गार होती. शेजारचे काका विचारायला लागले, "काय नाजूक सामान आहे का?"